दोन पेमातांडे आणि एक पिन

धर्मसिंग आडेला रस्ता विचारायची पाळी आयुष्यात एकदाच आली, ती नांदेडला दवाखाना शोधताना. सेनगाव तालुक्यात लोकच त्याला रस्ता विचारत. एकोणीस वर्षं त्यानं सेनगावच्या स्टँडबाहेर जीप लावली होती. एसटी जिथं वळायला कचरायची तिथं धर्मसिंगची जीप जायची. बाळंतपणाला निघालेल्या बाया, बियाण्याची पोती, लग्नातले ढोल-ताशे, निवडणुकीच्या ड्युटीवरचे घाबरलेले मास्तर, सगळं त्यानं वाहिलं. माणसं जीपमध्ये बसताना गावाचं नाव सांगत नसत, नुसतं म्हणत, "घरी सोड." आणि तो घरीच सोडायचा. कोणाच्या दारात कुत्रं चावरं आहे आणि पावसाळ्यात कोणत्या वळणावर चाक रुतणार, हे त्याला पाठ होतं.

मग घरोघरी मोटारसायकली आल्या. जीप दिवसभर स्टँडबाहेर उभी राहायची आणि संध्याकाळी रिकामीच घरी यायची. शेवटी वाशिमचा एक भंगारवाला ती घेऊन गेला. त्या दिवशी धर्मसिंग जेवला नाही, एवढंच त्याची बायको पद्माबाई सांगते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तो पार्सलच्या कामाला लागला. हिंगोली रोडला एका कंपनीनं पत्र्याचं गोडाऊन घेतलं होतं. तिथला मॅनेजर ओमप्रकाश वाशिमचा, तिशीतला, बोलण्यात निम्मी हिंदी. त्यानं विचारलं, "काका, स्मार्टफोन चलाना आता है?"

"फोन शिकीन मी," धर्मसिंग म्हणाला. "गावं कुठून शिकवाल तुमी दुसऱ्याला?"

ओमप्रकाश हसला आणि त्यानं त्याला ठेवून घेतलं.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. सकाळी आठला गोडाऊनच्या फरशीवर धर्मसिंग आपली पार्सलं मांडायचा. ज्या क्रमानं गावं येणार त्या क्रमानं रांग. मग उभ्यानंच फोन लावायचा. "तात्या, घरी हाव का शेतात? शेतात? बरं, विहिरीवर आणून देतो." पत्त्यावर काय लिहिलंय ते तो क्वचितच वाचायचा, कारण पत्त्यात वाचण्यासारखं काही नसायचंच. 'मारुती मंदिराजवळ' असं लिहिलेली सात गावं त्याच्या वाट्याला होती. तो नाव वाचायचा, आणि नाव वाचलं की माणूस डोळ्यांपुढे यायचा. साडेतीनला पिशवी रिकामी. एखादं पार्सल परत आलंच तर गिऱ्हाइकाचं मन फिरलं म्हणून, धर्मसिंगला घर सापडलं नाही म्हणून कधीच नाही.

फेब्रुवारीत एके सकाळी ओमप्रकाशनं सगळ्या पोचवणाऱ्यांना गोळा केलं.

"आजसे रूट एआय काढणार," तो म्हणाला.

"कोण?" धर्मसिंगनं विचारलं.

"एआय. कृत्रिम बुद्धिमत्ता. पत्ता ती वाचणार, रस्ता ती ठरवणार, पहिले कुठं जायचं, मग कुठं, सगळं मोबाईलवर येणार. तुमी फक्त तिच्या मागं जायचं. पेट्रोल वाचंल, टाइम वाचंल."

धर्मसिंग आडमुठा माणूस नव्हता. त्यानं बरोबर आठ दिवस मोबाईलच्या मागं जाऊन पाहिलं. आणि खुद्द सेनगावात ते यंत्र हुशार निघालं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. बाजारपेठेत तो तीन-तीनदा मागं-पुढं करायचा. यंत्रानं त्याला अशा गल्लीनं काढलं की एकदाही परत फिरावं लागलं नाही. एवढ्या वर्षांत ही युक्ती आपल्याला सुचली नाही म्हणून तो जरा खजीलही झाला.

घोटाळा झाला तो पेमातांड्याचा.

पेमा नाईक नावाचा एक माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत या मुलखात आला आणि एका टेकाडाखाली त्यानं तांडा वसवला. पुढं त्याच्या दोन मुलांत विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला. धाकटा रागानं निम्मी घरं घेऊन कनेरगाव नाक्याच्या बाजूला गेला, पण जाताना बापाचं नाव सोबत घेऊन गेला. तेव्हापासून पेमा नाईक तांडे दोन आहेत. लोक बोलताना थोरला तांडा, धाकला तांडा म्हणतात. कागदावर मात्र दोन्हीकडं तेच नाव, आणि पोस्टाचा पिनकोडही एकच. दोघांच्या मधे सतरा किलोमीटरचा रस्ता. थोरला तांडा म्हणजे पद्माबाईचं माहेर. त्यामुळं तिथली लहानथोर सगळीच माणसं धर्मसिंगला दाजी म्हणतात.

यंत्राला दोन तांडे माहीत नव्हते. त्यानं धाकल्या तांड्याच्या बाहेर, एका तुरीच्या वावरात, नकाशावर पिन टोचली आणि ठरवलं की पेमा नाईक तांडा तो हाच.

पहिल्या पंधरवड्यात धर्मसिंगनं त्या पिनकडं लक्षच दिलं नाही. थोरल्याची पार्सलं थोरल्यात दिली, धाकल्याची धाकल्यात. मग एक दिवस ओमप्रकाशनं त्याला आत बोलावलं. चेहरा पडला होता.

"काका, तुमच्या नावावर अकरा डिलिव्हऱ्या संशयास्पद दाखवून राहिल्यात."

"काहून?"

"पिनपासून सतरा किलोमीटर लांब पार्सल दिल्याचं बटन दाबलंय. सिस्टीम म्हणते, न जाताच दाबलं."

"न जाता?" धर्मसिंगचा आवाज चढला. "लावा फोन. अकराच्या अकरा माणसांना लावा. विचारा पार्सल भेटलं का न्हाई."

"मला माहीत आहे हो, भेटलंय. मला नका सांगू. तिला सांगा." ओमप्रकाशनं मोबाईल पुढं केला. "हे बघा, इथं 'चुकीचा पत्ता' असं बटन आहे. तुमी दाबत जा. ती शिकते. जितकं दाबाल तितकं शिकंल."

धर्मसिंगनं दाबलं. थोरल्या तांड्याचं पार्सल आलं की दाबलं. एक महिना दाबलं. हिशेब ठेवायची त्याला सवय नव्हती, पण ओमप्रकाशनं पडद्यावर पाहून आकडा सांगितला, एकेचाळीस वेळा. पिन तुरीच्या वावरातून वीतभरही हलली नाही. यंत्र शिकलं ते एवढंच, की धर्मसिंग आडे हा माणूस फार तक्रारी करतो. कंपनी प्रत्येक पोचवणाऱ्याला शंभरपैकी गुण द्यायची, त्याचे गुण नव्वदवरून एकसष्टवर आले. आणि एप्रिलमध्ये नवा नियम आला, पिनपासून दोनशे मीटरच्या आत गेल्याशिवाय डिलिव्हरीचं बटन उघडणारच नाही.

आता त्याच्यापुढं पेच पडला. पार्सल थोरल्या तांड्यातल्या माणसाच्या हातात द्यावं तर बटन बंद, आणि बटन न दाबता दिलं तर पार्सल हरवल्याची नोंद त्याच्या नावावर. त्यानं नाइलाजानं पार्सलं परत पाठवायला सुरुवात केली. पडद्यावर एकच कारण उमटायचं, 'ग्राहक उपलब्ध नाही.' हे वाक्य दिसलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची. ग्राहक उपलब्ध होता. ग्राहक दारात खाट टाकून वाट बघत बसला होता.

त्यातच रीताची मोटर आली.

रीता थोरल्या तांड्यातली सून, बत्तीस-तेहतीस वर्षांची. लहानपणापासून तिच्या डाव्या पायात जोर नाही. पायडल मारणं जमत नाही म्हणून तिनं शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली होती आणि तिच्यावर अख्ख्या तांड्याचं शिवण चालायचं. ऐन लग्नसराईत ती मोटर जळाली. रविवारी तांड्यात लग्न होतं आणि वऱ्हाडातल्या बायांची चोळ्या-पोलक्यांची कापडं तिच्याकडं गठ्ठ्यानं पडली होती. तिनं मोबाईलवरून नवी मोटर मागवली.

सोमवारी मोटर आली नि परत गेली. बुधवारी पुन्हा आली, पुन्हा परत गेली. बुधवारी संध्याकाळी रीतानं फोन केला. थोरल्या तांड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी लागते, म्हणजे ही बाई तेवढा चढ चढून गेली होती.

"दाजी, माझी मोटर तुमच्याच गाडीवर हाय ना?"

"हाय."

"मग देऊन काहून न्हाई राहिले? तुमच्या बायकोच्या माहेरचं घर न्हाई सापडत का तुमाला?"

 धर्मसिंगनं तिला पिन, दोनशे मीटर, बटन असं सगळं सांगून पाहिलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मला हे काही समजत न्हाई. रविवारी नवरीच्या मायला काय सांगू, तेवढं सांगा."

आता तिसरी खेप शेवटची होती. तिसऱ्यांदा परत गेलं की ऑर्डरच रद्द. शिवाय दोनदा परत गेलेल्या पार्सलला फोटो लागायचा, ग्राहकाच्या हातात पार्सल, आणि तोही पिनच्याच जागेवर. नुसता ओटीपी फोनवर विचारून भागणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊला धर्मसिंग मोटारसायकल घेऊन रीताच्या दारात उभा राहिला.

"बस गाडीवर."

"कुठं?"

"तुझं पार्सल घ्यायला."

"पार्सल तर तुमच्या पिशवीत दिसून राहिलं!"

"पिशवीतलंच घ्यायचं हाय. पण इथं न्हाई घेता येत. धाकल्या तांड्याला जाऊन घ्यायचं."

 तो थट्टा करतोय असं रीताला वाटलं. मग त्याचा चेहरा पाहून ती सासूला सांगून आली आणि पाय सावरत मागं बसली. सासूबाई रुख्मिणीबाई दारातून ओरडल्या, "दाजी, दोघं जाऊन राहिले तर खोकं तरी इथं ठेवून जा!"

रस्ता खराब. मधे चार किलोमीटर नुसती खडी अंथरून ठेवलेली. प्रत्येक गचक्याला रीता कळवळायची आणि धर्मसिंग दात-ओठ खात हँडल धरायचा. जीपच्या दिवसांत अडलेल्या बाईला याच रस्त्यानं नेताना त्यानं तिच्या पोटातलं पाणी हलू दिलं नव्हतं. आज तो एका धडधाकट खोक्याला एका अधू बाईसकट फिरवत होता.

तुरीच्या वावराच्या बांधावर मोबाईल बोलला, "आपण पोहोचला आहात." वावराचा मालक जळबा ठाकरे बांधावर उभाच होता. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या वावराशी येऊन थांबणारी ही काही पहिली गाडी नव्हती.

"पुन्हा का?" जळबा म्हणाला. "अहो, माझ्या वावरात असं काय पुरलंय?"

"एक मिनिट लागंल, पाटील."

धर्मसिंगनं खोकं रीताच्या हातात दिलं आणि मोबाईल धरला. तिनं हसावं म्हणून पडद्यावर सूचना आली होती, ती त्यानं वाचून दाखवली नाही. फोटो निघाला, ओटीपी टाकला आणि हिरवी बरोबरची खूण आली. मग त्यानं तेच खोकं तिच्या हातातून घेऊन पुन्हा गाडीला बांधलं, आणि दोघं सतरा किलोमीटर परत आली. रीतानं त्या दिवशी आणि शनिवारी मान वर न करता शिवलं. दोन चोळ्या राहिल्याच. त्या बाया लग्नात जुन्या चोळ्या घालून आल्या आणि रीताशी बोलल्या नाहीत.

सोमवारी ओमप्रकाशनं धर्मसिंगला आत बोलावून बातमी दिली.

"काका, ते तुमचं शुक्रवारचं काम..." ओमप्रकाश चाचरत म्हणाला. "फोटो, ओटीपी, लोकेशन, सगळं जुळलं ना. तर सिस्टीमनं पिन पक्की केली. आता ती म्हणते, पेमा नाईक तांडा इथंच आहे, ग्राहक स्वतः हजर होता."

"म्हणजे माझ्याच हातानं?"

"हां. पहिले तिला थोडा डाउट होता. आता नाही."

"एकेचाळीस वेळा चूक म्हणून दाबलं ते न्हाई ऐकलं. एकदा झक मारून खोटं केलं, ते ऐकलं!"

 ओमप्रकाश वाईट माणूस नव्हता. त्यानं वरच्या ऑफिसला दोनदा लिहिलं होतं. मदतीसाठी जो नंबर दिला होता त्यावर मेसेज केला की लगेच उत्तर यायचं, गोड भाषेत, आणि ते उत्तर देणारं पुन्हा यंत्रच असायचं. एकदा खरोखरची बाई बोलली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मग कस्टमर पत्त्यात गावाचं नाव बदलून का नाही टाकत?"

धर्मसिंगनं तेही करून पाहिलं. थोरल्या तांड्यात जाऊन त्यानं तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नाईक भीमसिंगपुढं विषय काढला. साठी उलटलेला भीमसिंग खाटेवर बसून ऐकत होता.

"नुसतं पत्त्यात हो," धर्मसिंग म्हणाला. "थोरला पेमातांडा म्हणून लिवा. यंत्राला कळंल."

"आधारवर काय हाय? पेमा नाईक तांडा. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडं तेच हाय," भीमसिंग म्हणाला. "बदलायचं तर धाकल्यानं बदलावं. ते इथून गेले, आमी न्हाई गेलो."

पोरांनी तरीही 'थोरला' लिहून पाहिलं. यंत्रानं तो शब्द गाळला आणि पार्सल पुन्हा जळबाच्या वावराकडं निघालं.

तोड काढली ती रीतानंच. तिनं सुयांचं पाकीट मागवलं आणि पत्ता टाकला, 'धर्मसिंग आडे यांचे घर, सेनगाव.' पार्सल दुसऱ्या दिवशी बिनबोभाट धर्मसिंगच्या घरी आलं, म्हणजे त्यानं स्वतःच स्वतःच्या दारात आणून स्वतःच्या दाराचा फोटो काढला, आणि संध्याकाळी तांड्यात नेऊन दिलं. ही बातमी टाकीपाशी पोचायला एक दिवस लागला. आठवड्याभरात सगळा थोरला तांडा त्याच्या घराच्या पत्त्यावर माल मागवू लागला.

पद्माबाईच्या पुढच्या खोलीत खोकी चढू लागली. कोणाचा कुकर, कोणाची फवारणीची बॅटरी, कोणाचे एकाच पायाचे दोन बूट, जे परत करायचे होते.

"माहेरची माणसं आली तर चहा करीन," ती म्हणाली. "ही खोकी आली, यांना कुठं बसवू?"

"दोन-चार दिवस थांब."

"तुमचे दोन-चार दिवस दीड महिन्याचे झाले."

ती रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. धर्मसिंग दिवसभर मोबाईलच्या मागं फिरायचा, पाचला घरी यायचा, आणि मग स्वतःचं पेट्रोल घालून थोरल्या तांड्याचा फेरा करायचा. हा फेरा कंपनीच्या पडद्यावर कुठंच नव्हता. पडद्यावर फक्त एवढं दिसायचं, की धर्मसिंग आडे एका दारात पंधरा पार्सलं चार मिनिटांत उतरवतो आणि एकही परत येत नाही.

त्याचे गुण शहाण्णववर गेले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओमप्रकाशनं त्याच्या हातात एक चकचकीत कागद ठेवला. महिन्याचा सर्वोत्तम पोचवणारा. खाली दोन ओळी होत्या, त्या ओमप्रकाशनं वाचून दाखवल्या. नव्या प्रणालीमुळे सेनगाव भागातली परत जाणारी पार्सलं जवळजवळ बंद झाली असून, प्रणालीवर विश्वास ठेवणाऱ्या सहकाऱ्यांचं कंपनी अभिनंदन करत आहे.

धर्मसिंगनं कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यानं ओमप्रकाशकडं पेन मागितलं.

"सही नाही लागत, काका."

"सही न्हाई करून राहिलो. अर्ज लिहितो."

गोणीवर बसून त्यानं अर्ज लिहिला. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. पेमा नाईक तांडे दोन आहेत. एक इथं, एक तिथं. मधे सतरा किलोमीटर आहे. यंत्र हुशार आहे, सेनगावात त्यानं मला रस्ता शिकवला, पण तांड्याचं त्याला माहीत नाही आणि मी सांगतो ते ते ऐकत नाही. एक तर पिन हलवा, नाहीतर संध्याकाळचा फेरा माझं काम म्हणून धरा. दोन्ही होत नसेल तर एक माणूस पाठवा. मी त्याला गाडीवर बसवून दोन्ही तांडे दाखवतो. जेवण माझ्या घरी.

ओमप्रकाशनं तो वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबला. फोटो काढून त्यानं वर पाठवला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, थेट धर्मसिंगच्या मोबाईलवर. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेबद्दल आपले समाधान नोंदवा.' खाली पाच चांदण्या.

"काय निकाली काढलं?" धर्मसिंगनं विचारलं.

ओमप्रकाशनं नकाशा उघडला. बोटांनी मोठा केला. तुरीचं वावर, तीच पिन. "काहीच नाही दिसत," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग निकाली काढलं कोणी?"

"तिनंच काढलं असंल."

धर्मसिंगनं चांदण्या मोजल्या. "यात शून्य कुठं हाय?"

"शून्य नाही, काका. एकपासून सुरू होतं."

त्यानं एकही चांदणी दाबली नाही. मोबाईल खिशात घालून तो फरशीवर गेला आणि पार्सलं उचलू लागला. त्या दिवशी त्याच्या वाट्याला अडतीस आली होती. त्यातली नऊ त्याच्याच घराच्या पत्त्यावर होती.

साडेपाचला नऊच्या नऊ पिशवीत भरून तो अंगणात गाडी पुसत होता, तेव्हा पद्माबाई बाहेर आली. "भाकरी झाली हाय, खाऊन जा."

"आल्यावर खातो. टाकीपाशी माणसं थांबलीत."

तिनं पिशवीचा बंद ओढून पाहिला, सैल वाटला म्हणून पुन्हा आवळून बांधला आणि बाजूला सरकली. धर्मसिंगनं किक मारली. गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली.